पार्लरमधील गणवेश आणि भरल्या अंगाची स्त्री

जिच्या हातून दिवसभर दुसऱ्यांचें रूप खुलत असतें, तिच्या स्वतःच्या पोशाखाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ब्यूटी पार्लरमध्यें काम करणारी स्त्री दिवसाचा बहुतेक वेळ उभी असते. ती गिऱ्हाइकावर ओणवते, हात वर उचलून केस विंचरते, पायांच्या नखांसाठीं खालीं बसते. गणवेश मात्र पुष्कळदां घाऊक घेतलेला असतो आणि तो लहान, मध्यम व मोठा अशा तीनच मापांत येतो. भरल्या अंगाच्या स्त्रीस त्यांतील ‘मोठा’ मिळतो. तो छातीवर ताणला जातो, खांद्यावरून ओघळतो आणि हात उचलतांच कमरेवर चढतो. तो खालीं ओढण्यांत तिचा एक हात गुंतून राहतो. समोरच्या आरशांत गिऱ्हाईक हें पाहत असतें आणि तिला स्वतःलाहि तें दिसत असतें. तेव्हां हा प्रश्न केवळ नटण्याचा नसून कामाचा व मनाच्या स्वास्थ्याचाहि आहे.

अंग झांकावयाचें तर कपडा ढगळ घ्यावा, अशी एक समजूत रूढ आहे. परंतु ढगळ कपडा छातीच्या उंचवट्यावरून सरळ खालीं लोंबतो. त्यामुळें छातीशीं असलेली रुंदी कमरेपर्यंत कायम राहते आणि शरीर आहे त्याहून मोठें दिसतें. घट्ट कपड्याचा दोष उलट. त्यावर आडव्या सुरकुत्या पडतात व नजर नेमकी तेथेंच जाते. खरा उपाय मापांत आहे.

मापाचा आरंभ खांद्यापासून करावा. खांद्याचें हाड जेथें संपतें तेथेंच बाहीची शिवण यावी. छातीच्या मापाहून तीन ते चार इंच सैल ठेवल्यास श्वास घेणें व ओणवणें सुखाचें होतें. नितंबांचें माप उभें राहून व बसून असें दोनदां घ्यावें आणि त्यांतील मोठें धरावें. कारण बसल्यावर शरीर पसरतें. अंगरख्याची खालची कड नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर कधींहि येऊं देऊं नये. ती त्याच्या थोडी वर किंवा बरीच खालीं असावी, व खालीं असल्यास दोन्ही बाजूंस चीर ठेवावी.

शिंपी ज्यास ‘प्रिन्सेस कट’ म्हणतात, ती पद्धत येथें फार उपयोगी पडते. खांद्यापासून किंवा बाहीच्या मुंढ्यापासून निघून छातीवरून खालपर्यंत जाणाऱ्या दोन उभ्या शिवणी कपड्याला अंगाचा आकार देतात. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें ही पद्धत रूढ होण्याशीं चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या शिवणकारागिराचें नांव जोडलें जातें. दुसरा उपाय आपल्याकडील जुन्या अंगरख्यांतच सांपडतो. काखेंत चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, घातला कीं हात उचलला तरी सबंध कपडा वर खेचला जात नाहीं. बटणांचा अंगरखा असेल तर छातीच्या नेमक्या उंचवट्यावर एक बटण यावें. अन्यथा दोन बटणांमधील फट उघडी पडते. खिसे छातीवर न ठेवतां कमरेखालीं बाजूच्या शिवणींत ठेवावे.

रेघांविषयीं मात्र सावध राहावें. आडव्या रेघांनीं माणूस रुंद दिसतो, असें सर्वत्र सांगितलें जातें. परंतु आडव्या रेघांचा चौरस उंच व अरुंद भासतो, हें जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं १८६७ सालींच नोंदविलें होतें. २०११ सालीं इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठांतील संशोधकांनीं स्त्रियांच्या आकृतींवर प्रयोग केले, तेव्हां आडव्या रेघांनीं शरीर अधिक रुंद दिसत नाहीं असेंच आढळलें. पुढें २०१३ सालीं जपानी संशोधकांस असें दिसलें कीं हा लाभ सडपातळ आकृतीसच होतो, भरल्या आकृतीस नव्हे. सारांश, भरल्या अंगाच्या स्त्रीनें कोणत्याच रेघांवर भरंवसा ठेवूं नये. एकरंगी कापड व नीट बसलेला खांदा हेच अधिक विश्वासाचे. त्रिकोणी गळा मात्र मान लांब दाखवितो.

कापड निवडतांना कामाचें स्वरूप पाहावें. सैल विणीच्या कापडांत कापलेले केस रुततात. म्हणून वीण दाट व पृष्ठ गुळगुळीत असावें. निव्वळ पॉलिएस्टर घाम शोषीत नाहीं, तर निव्वळ सुतास फार चुण्या पडतात. यास्तव दोहोंचें मिश्रण सोयीचें. कापडांत सूत असल्यास तें बेतण्यापूर्वीं भिजवून वाळवावें, म्हणजे पुढें आटून माप बिघडत नाहीं. पांढऱ्या रंगावर केसांच्या कलपाचे डाग उठतात, तर काळ्यावर केस उजळविण्याच्या औषधाचे फिकट ठिपके पडतात. दोन्हींवर तोड म्हणजे वरून एप्रन. त्याचा बंद पोटाच्या मध्यावर आवळल्यास कंबर विभागली जाते व दिवसअखेर वळ उठतो. पाठीवर पट्ट्यांची फुली होणारा एप्रन घेतल्यास भार मानेवर न येतां खांद्यांवर वांटला जातो.

गणवेश अंगावर घालून एकदां आरशासमोर उभें राहणें पुरेसें नाहीं. दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे, पुढें वांकावें, खालीं बसावें. एवढें करूनहि कपडा जागचा हलला नाहीं तरच तो पत्करावा. मालकिणीनेंहि प्रत्येकीचें माप घेण्यास अर्धा दिवस काढला तर तो वायां जाणार नाहीं. गणवेशांतील सारखेपणा रंगांत व कापडांत असावा, मापांत नव्हे. ज्या स्त्रीस आपला पोशाख दिवसांतून एकदांहि ओढून सारखा करावा लागत नाहीं, तिचे दोन्ही हात व सारें लक्ष कामासाठीं मोकळें राहतें, आणि आरशांत स्वतःकडे नजर गेली तरी ती खालीं वळत नाहीं.