डीसी चॉपर

डीसी चॉपर हा स्थिर दिष्ट विद्युतदाबापासून हवा तसा कमी-अधिक करता येणारा दिष्ट विद्युतदाब मिळवून देणारा इलेक्ट्रॉनिक परिपथ आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राच्या साहाय्याने बदलता येतो. परंतु रोहित्राचे कार्य बदलत्या चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असल्यामुळे स्थिर दिष्ट प्रवाहासाठी ते निरुपयोगी ठरते. ही उणीव चॉपर भरून काढतो.

पार्श्वभूमी

चॉपर प्रचारात येण्यापूर्वी दिष्ट प्रवाहावरील मोटरीचा वेग प्रामुख्याने एकसरीत रोध जोडून नियंत्रित केला जाई. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर १९२५ पासून वापरात आलेल्या १५०० व्होल्ट दिष्ट प्रवाहाच्या प्रणालीतील जुन्या गाड्यांतही ही पद्धत होती. या पद्धतीत बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १५०० व्होल्टच्या उद्गमातून मोटरीला ६०० व्होल्ट द्यावयाचे असल्यास उरलेले ९०० व्होल्ट रोधावर खर्ची पडतात. म्हणजे घेतलेल्या ऊर्जेपैकी ६० टक्के ऊर्जा व्यर्थ जाते.

कार्यतत्त्व

चॉपरमधील अर्धवाहक स्विच सेकंदाला शेकडो ते लक्षावधी वेळा चालू-बंद होतो. एका आवर्तनातील चालू काळाचे एकूण काळाशी असलेले गुणोत्तर म्हणजे ‘ड्यूटी सायकल’ होय. हे गुणोत्तर बदलले की सरासरी दाब बदलतो. स्विच पूर्ण चालू असताना त्यावरील दाब अत्यल्प असतो आणि बंद असताना त्यातून प्रवाह जवळजवळ वाहत नाही. त्यामुळे दोन्ही स्थितींत ऊर्जेचा ऱ्हास कमी होतो. आवर्तनाचा काळ कायम ठेवून चालू काळ बदलणे किंवा वारंवारताच बदलणे, अशा नियंत्रणाच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

दाबानुसार प्रकार

अवरोही चॉपर : यात बाहेर मिळणारा दाब उद्गमाच्या दाबापेक्षा कमी असतो. ड्यूटी सायकल ०.४ असल्यास १५०० व्होल्टपासून सरासरी ६०० व्होल्ट मिळतात. स्विच बंद असताना भारातील प्रवाह डायोडमार्गे वाहत राहतो.

आरोही चॉपर : स्विच चालू असताना वेटोळ्यात ऊर्जा साठते; तो बंद होताच वेटोळ्यातील प्रवर्तित दाब उद्गमाच्या दाबात मिळवला जातो. ड्यूटी सायकल ०.५ असल्यास १२ व्होल्टपासून आदर्श स्थितीत २४ व्होल्ट मिळतात.

अवरोही-आरोही चॉपर : हा दाब कमी किंवा जास्त करू शकतो. याच्या मूळ स्वरूपात बाहेरील दाबाची ध्रुवता उलट असते.

चरणांनुसार प्रकार

भाराचा प्रवाह आडव्या अक्षावर व दाब उभ्या अक्षावर घेतल्यास आलेखाचे चार चरण पडतात. चॉपर कोणत्या चरणांत कार्य करतो, यावरून त्याचे पाच वर्ग मानले जातात.

अ वर्ग : पहिला चरण. दाब व प्रवाह दोन्ही धन असतात आणि ऊर्जा उद्गमाकडून भाराकडे जाते.

ब वर्ग : दुसरा चरण. प्रवाह उलटतो व ऊर्जा भाराकडून उद्गमाकडे परतते. गाडी थांबवताना मोटर जनित्राप्रमाणे चालते. तिचा दाब वाहिनीच्या दाबापेक्षा कमी असला तरी हा चॉपर तो चढवून ऊर्जा वाहिनीत सोडतो. जनित्राचे ३०० व्होल्ट ७५० व्होल्टच्या वाहिनीत पोहोचवण्यास ड्यूटी सायकल ०.६ असावी लागते.

क वर्ग : अ आणि ब यांचा संयोग. दोन्ही स्विच एकाच वेळी चालू झाल्यास उद्गमाचे लघुमंडल होते. म्हणून एक बंद होणे व दुसरा चालू होणे यांत थोडा अवधी राखतात.

ड वर्ग : पहिला व चौथा चरण. प्रवाहाची दिशा तीच राहते, दाबाची मात्र उलटू शकते. विद्युतचुंबकाच्या वेटोळ्यातील ऊर्जा परत मिळवण्यास हा उपयुक्त आहे.

इ वर्ग : चारही चरण. चार स्विच व चार डायोड यांच्या साहाय्याने मोटर दोन्ही दिशांना चालवता येते आणि दोन्ही दिशांना थांबवताना ऊर्जा परत घेता येते.

स्विच आणि मर्यादा

आरंभीच्या चॉपरमध्ये थायरिस्टर वापरीत. थायरिस्टर एकदा चालू झाला की त्यातील प्रवाह जवळजवळ शून्य झाल्याशिवाय बंद होत नाही आणि दिष्ट प्रवाह आपोआप शून्य होत नाही. त्यामुळे तो बंद करण्यासाठी स्वतंत्र परिपथ लागे. मॉस्फेट व आयजीबीटी यांमुळे ही अडचण दूर झाली. चॉपरमुळे प्रवाहात तरंग निर्माण होतात. रेल्वेत त्यांचा सिग्नल यंत्रणेस उपद्रव होऊ नये म्हणून वारंवारता काळजीपूर्वक निवडतात आणि गाळणी परिपथ बसवतात.

उपयोग

विजेवर चालणारी वाहने, सौर ऊर्जा प्रणाली, बॅटरी चार्जर, संगणक व भ्रमणध्वनी यांत चॉपरची विविध रूपे वापरली जातात. नव्या रेल्वेगाड्यांत दिष्ट प्रवाहाच्या मोटरींची जागा तीन कलांच्या मोटरी व इन्व्हर्टर यांनी घेतली असली, तरी स्विच वेगाने चालू-बंद करून दाब नियंत्रित करण्याचे तत्त्व त्यांतही कायम आहे.