जुनी वस्तू घेताना जबाबदारी कोणाची?

वापरलेली दुचाकी, जुना मोबाइल, घर बदलताना नकोसा झालेला फ्रिज किंवा सोफा यांची विक्री पूर्वी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवर चाले. आता ती मोबाइलवरच्या जाहिरातींवर चालते. जाहिरातीची जागा बदलली, तरी कायद्याच्या दृष्टीने हा व्यवहार पूर्वीसारखाच आहे: दोन खाजगी व्यक्तींमधला खरेदी-विक्रीचा करार. त्याला मुख्यतः दोन जुने कायदे लागू होतात, १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा. करार तोंडी असला तरी तो करारच असतो. वाद उद्भवला की तो सिद्ध करता येतो का, एवढाच प्रश्न उरतो.

दुकानातून नवी वस्तू घेणाऱ्याच्या पाठीशी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा असतो. सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून दुकानदाराची सुटका होत नाही, ती याच कारणाने. घरातला जुना फ्रिज विकणारा गृहस्थ मात्र व्यापारी नसतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही नियमित धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या व्यवहार करणाऱ्याला स्पष्टपणे वगळले आहे. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागणे त्यामुळे सहसा शक्य नसते. दर आठवड्याला पाच-दहा जुने फोन विकणारा मात्र खाजगी विक्रेत्याचा आव आणत असला, तरी तो धंदाच करत असतो आणि ग्राहक कायदा त्याला लागू होतो. म्हणून समोरचा माणूस स्वतःची वस्तू विकतो आहे की धंदा करतो आहे, हे आधी ओळखावे. एकाच नावाने अनेक जाहिराती दिसल्या, तर तो बहुधा दलाल किंवा व्यापारी असतो.

जाहिरात दाखवणाऱ्या संकेतस्थळाची जबाबदारी मर्यादित आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल अशा मध्यस्थाला संरक्षण मिळते. त्यासाठी त्याने कायद्याने सांगितलेली काळजी घेतलेली असावी लागते आणि बेकायदा मजकुराची रीतसर सूचना मिळाल्यावर तो काढून टाकावा लागतो. वस्तू निकृष्ट निघाली म्हणून संकेतस्थळाकडून भरपाई मिळेल, ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते.

दिसणारा दोष आणि दिलेला शब्द

मालविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ हे जुने तत्त्व आहे. वस्तूचा दर्जा चांगला असेल किंवा ती विशिष्ट कामाला उपयोगी पडेल, अशी कोणतीही हमी कायदा आपणहून गृहीत धरत नाही. या नियमाला अपवाद आहेत, पण त्यातले महत्त्वाचे अपवाद त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्यालाच लागू होतात. खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत लक्षात यायला हवे होते अशा दोषांबद्दल त्याला व्यापाऱ्याविरुद्धही तक्रार करता येत नाही. सोफ्याचे फाटलेले कापड, दुचाकीचा गुळगुळीत झालेला टायर, फोनच्या पडद्यावरचा तडा, हे सगळे घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहायचे असते.

विक्रेता मात्र पूर्णपणे मोकळा नसतो. त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या कायद्यानेच टाकल्या आहेत आणि त्या खाजगी विक्रेत्यालाही लागू आहेत. पहिली कलम १४ ची: वस्तू विकण्याचा हक्क त्याच्याकडे असला पाहिजे आणि खरेदीदाराला न सांगितलेला कोणाचा बोजा तिच्यावर नसावा. दुसरी कलम १५ ची: वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. ‘२०२१ चे मॉडेल’ असे जाहिरातीत लिहून २०१८ चे मॉडेल हाती ठेवले, तर तो करारभंग आहे आणि खरेदीदाराला वस्तू नाकारता येते.

विक्रेता काहीच बोलला नाही, तर काय? करार कायद्यानुसार केवळ गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. जाणूनबुजून खोटे सांगणे, किंवा दोष दिसू नये म्हणून तो झाकणे, ही मात्र फसवणूक आहे आणि अशा वेळी खरेदीदार करार रद्द करू शकतो. इथे कलम १९ चा एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. विक्रेत्याने अजाणता चुकीची माहिती दिली असेल आणि साधी खबरदारी घेऊन खरेदीदाराला खरे कळू शकले असते, तर करार रद्द करण्याचा हक्क जातो.

या सगळ्या कलमांचे सार सोपे आहे: दिसणारा दोष घेणाऱ्याचा, दिलेला शब्द विकणाऱ्याचा. त्यामुळे जे दिसत नाही ते विचारणे आणि उत्तर लेखी घेणे हे खरेदीदाराचे मुख्य काम ठरते. ‘गाडीला अपघात झाला आहे का?’, ‘फोन कधी उघडून दुरुस्त केला आहे का?’ हे प्रश्न फोनवर विचारले, तर उत्तर हवेत विरते; तेच संदेशात विचारले, तर उत्तर पुरावा होते. व्यवहार झाल्यावर जाहिरात काढून टाकली जाते, म्हणून तिचे छायाचित्र आधीच साठवून ठेवावे. विक्रेत्याने ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिले असेल, तर दर्जाबद्दलची तक्रार जवळजवळ संपते. खोट्या विधानाला मात्र त्या शब्दांचे कवच मिळत नाही.

चोरीचा माल

विक्रेत्याकडे जो हक्क आहे, त्याहून चांगला हक्क तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, असे मालविक्री कायद्याचे कलम २७ सांगते. चोराकडून पूर्ण पैसे मोजून, अगदी प्रामाणिकपणे घेतलेली वस्तूही मूळ मालकाचीच राहते. पोलीस ती मुद्देमाल म्हणून जप्त करतात आणि न्यायालयाच्या आदेशाने ती मूळ मालकाकडे जाते. खरेदीदाराला फक्त विक्रेत्याकडे पैसे मागता येतात, आणि तोवर विक्रेता बहुतेक वेळा नाहीसा झालेला असतो.

वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, ती अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किंमत, बिल नाही, खोके नाही आणि घाईघाईत रोखीचा आग्रह असे चित्र असेल, तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव लंगडा पडतो.

जुन्या मोबाइलच्या बाबतीत ही तपासणी दोन मिनिटांत होते. फोनवर *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय क्रमांक पडद्यावर येतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. मग दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, किंवा १४४२२ या क्रमांकावर केवायएम आणि पुढे आयएमईआय असा संदेश पाठवून त्या फोनची स्थिती पाहावी. तो काळ्या यादीत किंवा दुबार दिसला, तर व्यवहार तिथेच सोडावा. आधीच्या मालकाचे गूगल किंवा अ‍ॅपल खाते त्याच्याच हातून, आपल्या समोर काढून घ्यावे. ते खाते तसेच राहिले, तर फोन पूर्वस्थितीत आणल्यावर पुन्हा त्याच मालकाचा पासवर्ड मागतो आणि निरुपयोगी होऊन बसतो.

गाडी नावावर होईपर्यंत

वाहनाच्या व्यवहारात पैसे आणि किल्ली यांची अदलाबदल झाली, म्हणजे काम संपले असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार, त्याच राज्यातल्या विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल, तर नमुना २८ वरचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचे नाव असते. कर्ज फिटले तरी नमुना ३५ देऊन ते नाव उतरवावे लागते. ‘कर्ज केव्हाच फिटलंय’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन इथे पुरत नाही.

गाडी पाहताना आरसी हातात घेऊन चॅसिस आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक एकेक अक्षर जुळवावे. क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या, तर पुढे जाऊ नये. एमपरिवहन अ‍ॅपवर वाहनाची नोंद, विम्याची मुदत आणि थकलेली चलने पाहता येतात. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून पाहावी. विक्रेत्याने ती आधीच तापवून ठेवली असेल, तर सकाळी सुरू होताना होणारा त्रास लपतो. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेल्यास त्याचे शे-दोनशे रुपये वाया जात नाहीत.

गाडी वेळेत नावावर केली नाही, तर विकणाराच गोत्यात येतो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात गाडी हातोहात अनेकांकडे गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. पुढे अपघात झाला, तेव्हा भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. घेणाऱ्यानेही विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. गाडी दलालामार्फत विकली जात असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत विक्रेत्याने आरटीओकडून प्राधिकार प्रमाणपत्र घेतलेले असावे लागते. ते मागून पाहण्यात संकोच करू नये.

पैसे कधी द्यावेत

या प्रश्नाचे उत्तर मालविक्री कायद्याच्या कलम ३२ मध्येच आहे: वेगळे ठरले नसेल, तर वस्तूचा ताबा आणि किंमत यांची देवघेव एकाच वेळी व्हायची असते. वस्तू न पाहता विसार पाठवणारा खरेदीदार हे संरक्षण आपल्या हाताने सोडून देतो. विसार द्यावाच लागला, तर रक्कम लहान असावी आणि सौदा फिसकटल्यास ती परत मिळणार की नाही, हे संदेशात लिहून घ्यावे. बदली झाल्याने सामान स्वस्तात विकणारा ‘लष्करी जवान’ ओळखपत्राचे छायाचित्र पाठवून आगाऊ वाहतूक खर्च मागतो, ही फसवणुकीची देशभर प्रसिद्ध झालेली पद्धत आहे.

उलट बाजूला, वस्तू विकणाऱ्याला ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असे सांगून लुबाडले जाते. यूपीआयचा पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही.

सौदा बिघडलाच, तर

ऑनलाइन फसवणूक झाल्यास पहिले काही तास महत्त्वाचे असतात. १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार नोंदवल्यास, रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवले जाण्याची शक्यता असते. सोबत आपल्या बँकेलाही कळवावे. विक्रेता व्यापारी असेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता खाजगी व्यक्ती असेल, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. तिथे संदेश आणि छायाचित्रे पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून ज्या फोनवर ते संभाषण झाले, तो फोन आणि त्यातले मूळ संदेश जपून ठेवावेत.

पाच-सात हजारांच्या वस्तूसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे जुन्या वस्तूच्या खरेदीत खरे संरक्षण पैसे देण्याआधीच्या अर्ध्या तासात असते. विक्रेत्याचे नाव, वस्तूचा क्रमांक, किंमत, तारीख, सांगितलेले दोष आणि दोघांच्या सह्या एवढा मजकूर असलेली साधी पावती प्रत्येक खरेदीदाराने मागावी. ती द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून वस्तू घेऊ नये.