क्लिपची उलटतपासणी

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. अफवा व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरत होती. मारहाण चालू असताना काहींनी मोबाइलवर चित्रण केलं आणि पुढे त्याच क्लिपांवरून पोलीस माणसं ओळखू लागले.

त्याच महिन्यात एक मजकूर एका वेळी पाचांपलीकडे पाठवता येणार नाही, असं बंधन व्हॉट्सअॅपने भारतात आणलं. त्याची चर्चा पुष्कळ झाली. अशी क्लिप कोर्टात टिकते कशी, हा प्रश्न मात्र बार रूमच्या बाहेर फारसा आला नाही. खानदेशातल्या फौजदारी न्यायाच्या दृष्टीने मला तोच कळीचा वाटतो.

पडद्यावरून साक्ष घेण्याचं नवल आता सरलं. २००३ मध्ये प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून नोंदवायला मुभा दिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये जळगावचे अॅड. उज्ज्वल निकम यांनी मुंबईच्या कोर्टातून २६/११ च्या कटातला, अमेरिकेत कैदेत असलेल्या डेव्हिड हेडलीला याच मार्गाने प्रश्न विचारले. पण पडद्यावर असला तरी साक्षीदार तो साक्षीदारच. त्याला आडवेतिडवे विचारता येतं, खोटं बोलताना पकडता येतं. क्लिपला काय विचारणार? म्हणून तिच्यामागे कुणीतरी माणूस उभा करावा लागतो, आणि तो उभा राहतो दाखल्याच्या रूपाने: फाइल कुठल्या यंत्रातून कशी आली, हे सही करून लिहून देणारा कागद.

या दाखल्याचा सर्वांत मोठा वाद आपल्याच खंडपीठातून वर गेला. जळगाव, धुळे आणि जालना तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांनी उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर भरला, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप, आणि आधार निवडणूक कार्यालयातल्या चित्रणाचा. दाखला मागूनही अधिकाऱ्यांनी दिला नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रतीला भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब चा दाखला लागणारच. मूळ उपकरण मालकाने स्वतः पिंजऱ्यात येऊन हजर केलं तर मात्र गरज नाही. आणि सगळे प्रयत्न करूनही दाखला मिळाला नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही.

१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू झालं आणि दाखल्यात हॅश लिहिणं आलं. फाइलवर गणिती प्रक्रिया केली की आकडे-अक्षरांची एक ओळ निघते. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. क्लिपमधला एक ठिपका बदलला तरी अख्खी ओळ बदलते. मुद्देमालाच्या पाकिटावरच्या लाखेच्या सीलचं काम ही ओळ करते. फरक इतकाच की सील पंचांना डोळ्यांनी दिसतं, ही ओळ ताडून पाहावी लागते, आणि ती पंचनाम्याच्या वेळीच नोंदली नसेल तर नंतर ताडायचं कशाशी?

दाखल्याचे दोन भाग आहेत: अ भाग फाइल हजर करणाऱ्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने. पोलिसांच्या पाठीशी न्यायवैद्यक प्रयोगशाळा असते. पण खासगी फिर्याद घेऊन आलेल्या साक्रीच्या किंवा चोपड्याच्या माणसाने तज्ज्ञ कुठून आणायचा? त्याची फी कोणी भरायची? गरिबाला सरकारी खर्चाने वकील देतो, तसा हा तज्ज्ञही विधी सेवा प्राधिकरणाने द्यायला हवा.

तोवर वकिलांच्या हाती खोतकर निकालातली वाट आहे. पक्षकार पहिल्यांदा ऑफिसात येईल त्याच दिवशी दुकानदाराला, बँकेला किंवा मोबाइल कंपनीला फाइल जपून ठेवण्याची आणि दाखल्याची लेखी मागणी करायची. नकार आला की कोर्टाकडे अर्ज द्यायचा. घाई अशासाठी की सीसीटीव्हीची साठवण भरली की यंत्र जुन्या चित्रणावर नवं चित्रण लिहीत जातं, आणि बहुतेक ठिकाणी ते काही आठवड्यांतच होतं.