शिकत्या हातांना धंद्याची जोड

कृषि विद्यालयाची पदविका घेऊन तरुण गावी येतो आणि नोकरीच्या हुकमाची वाट पाहू लागतो. घरची जमीन थोडी, खाणारी तोंडे अधिक. शिक्षण चालू असतानाच एखादा लहान धंदा हाती धरला, तर असा तरुण स्वतःच्या पायावर उभा राहतोच, शिवाय गावातील चार हातांना काम देतो.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून, श्रम करून शिकत. ‘कमवा व शिका’ ही त्यांची शिकवण होय.

भाजीपाल्याची रोपवाटिका हा असाच एक धंदा आहे. ९८ कपांच्या ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट भरून प्रत्येक कपात एक बी टोकावे व ट्रे कीटकरोधक जाळीखाली ठेवावेत. टोमॅटोचे रोप सुमारे २५ दिवसांत, तर मिरचीचे सुमारे ४० दिवसांत लावणीस येते. १०० ट्रेंत ९,८०० रोपे बसतात. शेकडा १० वाया गेली तरी ८,८२० हाती राहतात. ट्रे भरणे, बी टोकणे, पाणी देणे यांत इतरांनाही मजुरी मिळते.

मात्र वेळेवर न उचललेले रोप ट्रेतच निबर होते व सारा खर्च बुडतो. म्हणून आधी मागणी, मग पेरणी. कोणता शेतकरी कोणत्या तारखेस लावणी करणार, हे वहीत नोंदवून काही रक्कम आगाऊ घ्यावी. घरच्या माणसांची मजुरीही खर्चात धरावी. ती न धरल्यास तोटाही नफा भासतो.

पहिल्या हंगामात २० ट्रे पुरेत. कर्जाचा विचार त्यानंतर करावा. शेतीचे पदवीधर व पदविकाधारक यांच्यासाठी केंद्र सरकारने २००२ साली कृषि चिकित्सालय व कृषि व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. विनामूल्य प्रशिक्षण व कर्जाशी निगडित अनुदान ही तिची अंगे होत. बँकेत जाताना एका हंगामाचा खरा हिशेब जवळ असावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा विद्यार्थ्यांना वही ठेवण्यास शिकवावे आणि शेतकरी बंधूंनी आपल्या रोपांची पहिली मागणी त्यांच्याकडे नोंदवावी.