बेघरांची सेवा आणि वर्णभेद

रस्त्यावर निजलेला मनुष्य दृष्टीस पडला म्हणजे दारू, आळस किंवा दुर्दैव यांपैकीं एखादें कारण मनाशीं योजून आपण मोकळे होतों. अमेरिकेंतील बेघरांची सेवा करणाऱ्या संस्थाही पुष्कळ काळ असेंच करीत. परंतु २०२० च्या सुमारास त्यांपैकीं अनेकींनीं, वर्णभेदाचें निवारण हें आपल्या कार्याचें अंगच होय, असें जाहीर केलें. उघड्यावरच्यास छप्पर देणाऱ्यांनीं या वादांत कां पडावें, असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटेल; म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

लॉस एंजेलिस येथें नेमलेल्या एका समितीचा अहवाल डिसेंबर २०१८ मध्यें तयार झाला. त्या परगण्याच्या लोकसंख्येंत कृष्णवर्णीय शेंकडा ९, पण बेघरांत मात्र शेंकडा ४०! दारिद्र्य हें याचें एक कारण खरें. परंतु एवढ्या अंतराचा उलगडा तेवढ्यानें होत नाहीं.

मूळ जुन्या नकाशांत सांपडतें. १९३३ सालीं स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज मंडळानें अनेक शहरांचे नकाशे करविले. कर्ज देण्यास उत्तम ती वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी आणि धोक्याची ती तांबडी. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा तांबड्या रंगांत गेल्या व तेथें घरासाठीं कर्ज मिळणें दुर्लभ झालें. घर विकतांना किंवा भाड्यानें देतांना वर्ण पाहूं नये, असा कायदा झाला तो १९६८ सालीं. तोंवर कित्येक गोऱ्या बापांनीं मुलांस घर ठेविलें होतें, तर कित्येक काळ्या बापांच्या हातीं भाड्याच्या पावत्याच उरल्या होत्या. नोकरी गेली असतां मनुष्य काका-मामांच्या घरीं आसरा घेतो; पण ज्याच्या साऱ्या गोतांतच कोणाचें घर नाहीं त्यानें कोठें जावें?

(पदरीं पगार असला म्हणजे घर मिळतेंच, असेंही नाहीं. न्यूयॉर्कास शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांस १९१७ सालीं बडोद्यास नोकरी होती. राहावयास जागा मात्र मिळेना. हें आपल्याकडील वाचकांस निराळें सांगावयास नको.)

आतां खुद्द संस्थांकडे वळूं. घरें थोडीं, मागणारे फार; म्हणून अनेक ठिकाणीं एक प्रश्नावली असे. इस्पितळांत किती वेळां गेलां, तुरुंगांत होतां काय, व्यसन आहे काय, असे प्रश्न विचारावयाचे, गुण मांडावयाचे आणि ज्याचे गुण अधिक त्याची निकड मोठी समजावयाची. प्रश्न सर्वांस एकच. यांत पक्षपात कसला? पण २०१९ मध्यें ऑरेगन, वॉशिंग्टन व व्हर्जिनिया येथील कांहीं नोंदी तपासल्या, तेव्हां गोऱ्यांस अधिक गुण पडत असल्याचें आढळलें. ज्याला पोलिसांचें भय, किंवा मुलें हिरावून नेतील ही धास्ती, तो परक्यापुढें आपलें व्यसन कसें कबूल करील? ज्याला इस्पितळाचा आधारच नव्हता त्याचे गुण त्या खात्यांत कोठून वाढावे? समान प्रश्नांनीं असमान निवाडा होत होता. २०२० सालीं ती प्रश्नावली रचणाऱ्यांनींच ती मागें घेण्याचें जाहीर केलें.

वर्ण पाहून घर देणें हें १९६८ च्या त्याच कायद्यानें वर्ज्य आहे. म्हणून या संस्थांस गुण देण्याची रीतच बदलावी लागली. कित्येकींनीं रस्त्यावरचे दिवस स्वतः काढलेलीं माणसें कामावर घेतलीं. कोणास घर मिळालें आणि कोण पुन्हां रस्त्यावर आला, याची वर्णवार नोंद ठेवण्यास आरंभ केला.