मैलापाण्यावरचं शिवार

कोलकात्याची सायन्स सिटी मागे पडते, बान्तल्याचा रस्ता लागतो आणि उंच इमारती एकदम सरतात. दोन्ही अंगांना पाणीच पाणी. सकाळचे सहा वाजताहेत. एका भेरीच्या बांधावर मी उभा आहे. भेरी म्हणजे मासे पाळायचं उथळ तळं. गमछे खोचलेले दहा-बारा जण छातीभर पाण्यातून जाळ्याचा घेर आवळत काठाकडे येताहेत. घेर लहान होतो तसं पाणी उसळू लागतं. रुई, कातला, मृगल, तेलापिया. हाताला लागलेलं लहान पिल्लू लगेच मागे सोडलं जातं.

हे पाणी कोलकात्याच्या मोऱ्यांमधून, संडासांमधून आलेलं आहे. शहराचा उतार हुगळीकडे नाही, पूर्वेला आहे. बरंचसं सांडपाणी कालव्यांनी इकडेच येतं. पूर्वी इथं विद्याधरी नदीचं खारं पाणी खेळायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती गाळानं मेली, खाऱ्या पाण्यातले मासे संपले, तेव्हा इथल्या माणसांनी शहराच्या मैलापाण्यावर मासे वाढवायला सुरुवात केली. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, शेवाळ वाढतं, घाण कुजून माशांचं खाद्य होतं आणि पाणीही निवळतं.

बांधावरचे एक काका ओंजळ भरून घेतात, रंग बघतात, वास घेतात. "आज एवढंच पुरे, दादा," म्हणत झडपेची फळी खाली सरकवतात. मैलापाणी जास्त सोडलं तर मासे गुदमरतात. काठाला जलपर्णीचा पट्टा बांबूंनी अडवून ठेवलाय. आपल्या पंचगंगेत जिच्या नावानं बोटं मोडतात तीच इथं लाटांपासून बांध राखते.

जिवंत मासे ॲल्युमिनियमच्या हंड्यांत भरले जातात. हंडीजवळ बसलेला पोरगा तळव्यानं पाणी सारखं थापटत राहतो, त्यात हवा मिसळावी म्हणून. त्याचा हात थांबत नाही, बोलतानाही.

ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं 1980 च्या दशकात हे सगळं जगापुढे मांडलं. 1992 साली उच्च न्यायालयानं इथल्या बांधकामांना आवर घातला. 2002 मध्ये सुमारे 12,500 हेक्टरच्या या पाणथळीला रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ कराराचा दर्जा मिळाला. तरी पलीकडची एक भेरी राडारोड्यानं अर्धी बुजलेली मला इथून दिसते आहे, आणि संताप येतो. एवढ्या मैलापाण्याची शुद्धी यंत्रांनी करायची तर शहराला केवढा खर्च येईल! ते काम या माणसांकडून फुकट करून घेतलं जातं.

टेम्पो भरतो. काकांना मी विचारतो, अडचण काय आहे?

"मैलापाणी कमी येतं," ते कालव्याकडे हात करतात. "गाळ साचलाय. काढायला कुणी येत नाही. कागद देऊन देऊन दमलो."

आज पुन्हा अर्ज द्यायचा आहे. सह्यांसाठी ते शेजारच्या भेरीकडे चालू लागतात.