जाहिरात आणि तिचे माध्यम

माल कितीही उत्तम असला, तरी तो बाजारात आला आहे हे ग्राहकास कळल्यावाचून त्याची विक्री होत नाही. ते कळविण्याचे काम जाहिरात करते. परंतु ज्याच्यासाठी ती केली, त्याच्या दृष्टीस वा कानी ती पडली नाही, तर सारा खर्च व्यर्थ होय. हा खर्च पुष्कळदा वस्तूच्या किमतीतून ग्राहकच भरतो. तेव्हा हानी केवळ व्यापाऱ्याचीच होते असे नव्हे. म्हणून कोणास, कोठे, केव्हा आणि किती वेळा सांगावयाचे, हे आधी ठरवावे लागते. यासच माध्यम-नियोजन म्हणतात.

वर्तमानपत्रातील जाहिरात पुन्हा वाचता येते, कापून जपून ठेवता येते. मात्र ती साक्षरांपुरतीच. नभोवाणीस ही अडचण नाही. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून ‘विविध भारती’वर जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले आणि निरक्षर श्रोत्यासही त्या ऐकता येऊ लागल्या. पण उच्चारलेला शब्द क्षणात विरून जातो. म्हणून तो चालीवर बसवून वरचेवर ऐकवितात.

जाहिरात किती जणांपर्यंत गेली, ही तिची पोहोच. एकाच माणसास ती किती वेळा भेटली, ही तिची वारंवारता. रक्कम ठरलेली असल्यामुळे एक वाढविली की दुसरी घटते. अपरिचित वस्तूचे नाव थोड्याच गावांत, पण पुनःपुन्हा घेतलेले बरे. बियाण्याच्या जाहिरातीस तर वेळ साधावीच लागते. पेरणी उरकल्यावर ती ऐकून शेतकरी काय करणार?